बॅटरी उतरते, दोष कुणाचा?

आषाढातली सकाळ होती. भंडारदऱ्याच्या धरणाजवळ शेंडी गावाच्या अंगाला एका भातखाचराच्या बांधावर आम्ही पाच-सहा माणसे छत्र्या सावरीत उभे होतो. खाचरात घोटाभर पाणी साठलेले. रोपे उपटून जुड्या बांधून ठेवलेल्या. आवणीला बाया यायच्या होत्या, आणि त्याआधी चिखलणी उरकायची होती. चिखलणी करणारा छोटा ट्रॅक्टर मात्र बांधाला लागून मुका उभा होता. माझा जुना विद्यार्थी वर बसून किल्ली फिरवी, आणि आतून एकच आवाज येई, टक. पुन्हा फिरवी, पुन्हा टक.

"सर, दोन पावसाळ्यांत ही तिसरी बॅटरी," तो म्हणाला. "दुकानदार म्हणतो, बॅटरीच खराब निघाली. दर वेळी खराबच कशी निघंल?"

प्रश्न रास्त होता. ट्रॅक्टर कर्जाचा. स्वतःची खाचरे झाली की तो शेजाऱ्यांची भाड्याने करून देतो आणि त्या पैशातून हप्ता भरतो. भाताची आवणी काही कुणासाठी थांबत नाही. रोप जास्त दिवसांचे झाले की फुटवा कमी धरते, हे मी इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. तेव्हा त्या 'टक' आवाजात नुसत्या बॅटरीचा नव्हे, हंगामाचा प्रश्न होता.

राजूरहून एक वयस्क मिस्त्री जीपमधून आले. त्यांनी पहिल्याप्रथम काय केले म्हणाल, तर बॅटरीला हातच लावला नाही. वाकून सगळ्या तारा डोळ्यांनी पाहिल्या. मग जीपच्या बॅटरीवरून दोन जाड केबली लावून ट्रॅक्टर चालू केला, केबली काढल्या आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावला. काटा बारावर थोडा पुढे जाऊन थांबला. "आता रेस वाढव," ते म्हणाले. इंजिनाचा आवाज चढला, काटा जागचा हलला नाही. मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाले, "गुरुजी, कणगी रिकामी झाली म्हणून कणगी फोडायची नसते. भरणारा कुठं अडलाय ते बघायचं असतं."

भरणारा कुठे अडला होता ते पुढे सांगेन. त्याआधी थोडा इतिहास सांगण्याची परवानगी द्या. मी इतिहास शिकवणारा माणूस, यंत्रे शिकवणारा नव्हे. पण त्या दिवशी बांधावर माझ्या ध्यानात आले की मिस्त्री ज्या वस्तू एकामागून एक तपासत होते, त्यांतली प्रत्येक कुणीतरी कधीतरी एखादी अडचण आली म्हणून शोधून काढलेली आहे. ती अडचण कोणती होती हे कळले, की ती वस्तू बिघडल्यावर काय होईल हेही आपोआप कळते.

आरंभ बॅटरीपासूनच करू. १८०० साली इटलीतल्या व्होल्टाने जस्त आणि तांब्याच्या किंवा चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे, अशी चळत रचली आणि तिच्यातून सतत वाहणारी वीज मिळवली. पण ती चळत एकदा संपली की संपली. जस्त खर्ची पडे. आपल्या हातबत्तीतले साधे सेल त्याच कुळातले. पुन्हा भरता येईल असा घट मिळायला १८५९ साल उजाडावे लागले. फ्रान्समधल्या गास्तों प्लांते याने शिशाचे दोन पत्रे मध्ये कापडाच्या पट्ट्या घालून गुंडाळले, गंधकाम्लाच्या पाण्यात बुडवले आणि बाहेरून वीज सोडली. वीज सोडणे थांबवल्यावर तोच घट उलट वीज देऊ लागला. आज ट्रॅक्टरवर, मोटारीत, घरातल्या इन्व्हर्टरला जी शिशाची बॅटरी असते ती प्लांतेच्या त्या घटाचीच वंशज आहे. रसायन तेच, पत्र्यांची घडण तेवढी सुधारली. १८८१ साली कामील फोर या दुसऱ्या फ्रेंच माणसाने पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप द्यायची युक्ती काढली, तेव्हापासून बॅटरी लवकर तयार होऊ लागली.

आता गंमत बघा. प्लांतेने साठवण तर शोधली, पण ती भरायची कशाने? त्याच्याजवळ होते व्होल्टाच्या कुळातलेच खर्चिक घट. म्हणजे एका कणगीतले धान्य महाग दराने विकत घेऊन दुसऱ्या कणगीत ओतायचे. अशाने कोण श्रीमंत होणार! म्हणून पहिली दहा-बारा वर्षे प्लांतेचा घट हा बहुतेक प्रयोगशाळेतला चमत्कारच राहिला. १८७१ साली ग्राम नावाच्या बेल्जियन कारागिराने पॅरिसमध्ये आपला डायनमो पुढे मांडला. फिरवला की भरपूर आणि बऱ्यापैकी सलग वीज देणारे हे यंत्र हाती आल्यावर मग साठवणीला अर्थ आला. बॅटरी एकटी कधीच उपयोगाची नव्हती. तिच्या जन्मापासून तिला भरणारा लागत आला आहे. हे विसरतो तो बॅटऱ्या बदलत बसतो.

भंडारदऱ्याच्या माणसाला हे समजायला पुस्तक नको. प्रवरेवरच्या या धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जलाशयात ११ हजार दशलक्ष घनफुटांवर पाणी मावते. पण ते भरते कशाने? घाटघर, रतनवाडी, साम्रद या बाजूला जो धो धो पाऊस कोसळतो त्याने. एखाद्या वर्षी त्या डोंगरांनी हात आखडला तर भिंत कितीही मजबूत असली तरी खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या उसाला पाणी कुठले? (पाणी साठते इथे आणि रान भिजते खाली, ही इथल्या माणसाच्या मनातली जुनी सल. तो विषय निराळा आहे, पण या धरणाचे नाव घेतल्यावर उच्चारल्याशिवाय राहवत नाही.) धरणात पाणी कमी दिसले म्हणून कुणी भिंत पाडून नवी बांधा म्हणत नाही. आधी पाऊस किती झाला ते विचारतो. बॅटरीच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलट करतो.

आणि बॅटरीचे याहून जवळचे भावंड घाटघरला आहे. २००८ साली तिथे २५० मेगावॉटचे उदंचन जलविद्युत केंद्र सुरू झाले. डोंगरावर एक धरण, घाटाखाली कोकणच्या बाजूला दुसरे, आणि मध्ये डोंगराच्या पोटात यंत्रे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. ही डोंगराएवढी बॅटरीच झाली. पाणी वर चढवायला जेवढी वीज लागते तेवढी सगळी ते पाणी खाली येताना परत देत नाही. थोडी वाटेत जाते. शिशाच्या बॅटरीचेही तसेच. जितके काढले त्याहून थोडे जास्त घालावे लागते. 'काढले तेवढे भरले' एवढ्यावर तिचे भागत नाही, ती हळूहळू उपाशी पडत जाते.

आता भरणाऱ्याकडे वळू. १८३१ साली लंडनमध्ये मायकेल फॅरेडेने दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. चुंबक स्थिर ठेवला की काही नाही. हलला पाहिजे. ट्रॅक्टरचा डायनमो म्हणा, अल्टरनेटर म्हणा, धरणाच्या पायथ्याचे वीजगृह म्हणा, सगळे या एका गोष्टीवर चालते. पण अडचण अशी, की चुंबकाचे एक टोक जवळ येताना वीज एका दिशेने वाहते आणि दुसरे टोक आले की उलट दिशेने. बॅटरीला हा खेळ चालत नाही. तिला एकाच दिशेची वीज लागते. एका दिशेने भरायचे आणि लगेच उलट दिशेने काढून घ्यायचे, असे केले तर हाती काय राहणार?

दुसऱ्याच वर्षी, १८३२ साली, पॅरिसमधल्या पिक्सी नावाच्या यंत्रकाराने चुंबक फिरवणारे यंत्र बनवले आणि आंपेर या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याला धारा पलटवणारी तजवीज जोडली. तिलाच पुढे कम्युटेटर नाव पडले. फिरणाऱ्या दांड्यावर तांब्याच्या पट्ट्या, आणि त्यांना घासून वीज बाहेर आणणारे कार्बनचे ब्रश, हा जुन्या डायनमोचा थाट. ज्यांनी जुन्या जीपा आणि जुने ट्रॅक्टर वापरले आहेत त्यांना हे ब्रश चांगले आठवत असतील. ते झिजत, पट्ट्यांवर काजळी धरे, आणि मग 'डायनमो करंट देत नाही' अशी तक्रार येई.

डायनमोची दुसरी खोड अशी, की इंजिन सावकाश चालू असले किंवा थांबले की त्याचा दाब बॅटरीहून कमी होतो, आणि मग बॅटरीच उलट डायनमोला वीज पुरवू लागते. विहिरीवरचा पंप बंद केल्यावर टाकीतले पाणी उलट पाइपाने विहिरीत यावे, तसे. पंपाला आपण झडप बसवतो. डायनमोला बसवली ती झडप म्हणजे कटआउट. डायनमोचा दाब पुरेसा झाला की त्याचे टोक जुळायचे, दाब उतरला की सुटायचे. ते टोक चिकटून राहिले तर रात्रीत बॅटरी रिकामी, आणि जुळलेच नाही तर बॅटरी कधी भरायचीच नाही. शेजारी रेग्युलेटर बसे. इंजिन जोरात पळाले तरी दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून.

हे सगळे १९६०च्या सुमारास बदलले. सिलिकॉनचा डायोड स्वस्त आणि टिकाऊ मिळू लागला. डायोड म्हणजे विजेची एकमार्गी झडप, तीही हलणाऱ्या भागांवाचून. उलटसुलट वाहणारी वीज तिच्यातून गेली की एकाच दिशेची होऊन बाहेर पडते. मग कम्युटेटरची गरज उरली नाही आणि कटआउटचीही नाही. अमेरिकेत १९६० साली क्रायस्लर कंपनीने आपल्या व्हॅलियंट मोटारीला डायनमोऐवजी अल्टरनेटर बसवला, आणि पुढे तोच रिवाज झाला.

इथे छोट्या ट्रॅक्टरची गोष्ट येते. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ साली 'कब कॅडेट' नावाचा बागेतला ट्रॅक्टर बाजारात आणला. त्याच्यावर एकच यंत्र दोन कामे करी. इंजिन चालू करायचे तेव्हा ते बॅटरीवर मोटर होई, आणि इंजिन चालू झाले की तेच डायनमो होऊन बॅटरी भरी. याच हार्वेस्टर कंपनीशी हातमिळवणी करून १९६३ साली महिंद्रांनी मुंबईत ट्रॅक्टर बनवायची कंपनी काढली, आणि बी-२७५ हा ट्रॅक्टर आपल्याकडच्या शेतात दिसू लागला. भातशेतीला सोयीचा पॉवर टिलर जपानी धाटणीचा. बंगळूरच्या व्ही.एस.टी. कंपनीने १९६७ साली मित्सुबिशीच्या सहकार्याने त्याचा उद्योग मांडला. बागेत, द्राक्षाच्या ओळींत, डोंगरउतारावरच्या अरुंद खाचरांत फिरू शकणारे पंधरा-वीस अश्वशक्तीचे ट्रॅक्टर आपल्याकडे खऱ्या अर्थाने रुळले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी.

आपल्या शेतकऱ्याची इंजिनाशी ओळख मात्र फार जुनी. विहिरीवरचे ऑइल इंजिन हँडल मारून चालू व्हायचे. पॉवर टिलरलाही हँडल. त्याला बॅटरी नसली तरी अडत नसे. सेल्फ आला, हँडल गेले आणि त्या दिवसापासून बॅटरीचे आजारपण हे शेतीचे आजारपण झाले. सोय वाढली की परावलंबन वाढते, त्याची तक्रार करण्यात अर्थ नाही. हँडल उलट बसून मनगटे मोडलेली माणसे पूर्वी गावोगाव असत.

बॅटरीचे परावलंबन आपल्या गावांनी त्याआधीही एकदा सोसले आहे, आणि ते आकाशवाणीशी जोडलेले आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे त्यात होती. लोक जमून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत, प्रश्न लिहून पाठवीत. त्या काळी कितीतरी गावांत वीज पोहोचली नव्हती. तिथे रेडिओ चालायचा तो बॅटरीवर, आणि बॅटरी उतरली की गाव मुके. ती भरून आणणे हे मोठे काम असे. गावात पेटी होती, ऐकणारे होते, पण भरणारा कुणी नव्हता.

आता परत त्या बांधावर चलू या. मिस्त्रींनी पुढे इंजिनाच्या चाकाआडून येणाऱ्या दोन तारांचा जोड सोडवला. त्या लहान ट्रॅक्टरला पट्ट्यावर चालणारा अल्टरनेटर नव्हता. इंजिनाच्या जड चाकालाच आतून चुंबक बसवलेले, आणि त्यांच्या आत स्थिर वेटोळी. फॅरेडेचा प्रयोग जसाच्या तसा! त्या दोन तारांना मीटर लावून, मीटर उलटसुलट विजेच्या खुणेवर ठेवून त्यांनी रेस वाढवायला सांगितली. काटा तिसाच्या पुढे गेला. म्हणजे चुंबक आणि वेटोळी ठीक. पाऊस पडतोय, म्हणायचे. मग पाणी धरणात का येत नाही?

मध्ये एकच वस्तू उरली. अ‍ॅल्युमिनियमची, पंख असलेली छोटी डबी, मडगार्डखाली दोन बोल्टांनी बसवलेली. तिच्यातच डायोड आणि तिच्यातच रेग्युलेटर. बहुतेक मिस्त्री इथे 'डबी गेली' म्हणून मोकळे झाले असते. या बाबांनी तारेचा एक तुकडा घेतला, एक टोक डबीच्या अंगाला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला दाबून धरले. काटा बारावरून थेट चौदाच्या पुढे! डबीही ठीक होती. तिच्या अंगातून, बोल्टातून, पत्र्यातून वीज परत बॅटरीकडे जायची वाट होती, ती बंद झाली होती. दोन वर्षांपूर्वी मडगार्ड बदलले तेव्हा नव्या पत्र्याला रंग लावला आणि रंगावरच डबी आवळली. सुरुवातीला बोल्टातून थोडेफार निभावले. मग इथला पाऊस, बोल्ट गंजला, वाट संपली. काचकागदाने रंग खरवडला, बोल्ट बदलला, आणि चिखलणी सुरू झाली. बाया बांधावर येऊन उभ्याच होत्या.

अशी परीक्षा घरच्या घरी कुणालाही करता येते. बाजारात साधा मीटर मिळतो, तो गावच्या शाळेत एक असावा असे मला वाटते. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, भरलेली असेल तर, साडेबारा व्होल्टच्या थोडे वर दिसते. बाराच दिसले तर ती बरीचशी रिकामी आहे, बिघडलीच आहे असे नाही. इंजिन चालू करून रेस मध्यम ठेवली की आकडा चढून पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान यायला हवा. चढलाच नाही तर भरण बंद आहे. पंधराच्याही वर गेला तर उलट रोग, रेग्युलेटर मोकाट सुटला आहे. अशी बॅटरी उकळते, पाणी लवकर संपते, आणि तीही वर्षभरात मरते. मीटर नसेल तर संध्याकाळी दिवे लावून पाहा. इंजिन चालू करून रेस वाढवली की दिवे किंचित तरी उजळले पाहिजेत.

जिथे फॅनबेल्ट आहे तिथे आधी तो अंगठ्याने दाबून बघावा. सैल असेल तर अल्टरनेटर पोटापुरताही फिरत नाही. किल्ली दिल्यावर लागणारा तांबडा दिवा इंजिन चालू झाल्यावर विझायला हवा, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण तो मुळात लागलाच नाही तर? पुष्कळ अल्टरनेटरांना पहिला जोर याच दिव्याच्या तारेतून मिळतो. बल्ब गेला की भरण सुरूच होत नाही, आणि दिवा दिसत नाही म्हणून आपण मात्र निर्धास्त!

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर धरतो, तो गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवावा, कोरडे करून घट्ट आवळावे आणि वर थोडे व्हॅसलीन लावावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत मात्र जाता कामा नये. आत लागेल तेवढे शुद्ध, ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. विहिरीचे नको, अ‍ॅसिडही वरून नको. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून 'बघू चार्जिंग होतंय का' असा एक प्रयोग गावोगाव चालतो, तो सोडा. डायनमोच्या काळात तो खपून जाई. डायोड मात्र त्या झटक्याने क्षणात जळतो. बॅटरीच्या तारा उलट लावल्या तरी तीच गत.

थोडा हिशेबही सांगतो, गणिताच्या शिक्षकांना उपयोगी पडेल. सेल्फ मारताना समजा दीडशे अँपिअर धारा सहा सेकंद गेली. गुणाकार नऊशे. पाच अँपिअरने भरण होत असेल तर ते नऊशे भरून यायला एकशे ऐंशी सेकंद, म्हणजे तीन मिनिटे, आणि घट धरून त्याहून थोडी जास्त. हे काही फार नाही. पण तेच दोन मोठे दिवे लावून, इंजिन मंद ठेवून रात्रीचे काम केले तर दिवेच पाच-सहा अँपिअर खातात. मग भरायला उरते काय? एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जायला दर वेळी इंजिन बंद-चालू करणाऱ्याचीही हीच तऱ्हा.

शिक्षकांसाठी आणखी एक. प्लांतेचा घट वर्गात करून दाखवता येतो. शिशाच्या दोन पट्ट्या, काचेचे भांडे, पातळ गंधकाम्ल आणि भरायला हातबत्तीचे दोन-तीन सेल. दहा-पंधरा मिनिटे भरून मग हातबत्तीचा छोटा बल्ब जोडला की तो थोडा वेळ लागतो. पुन्हा पुन्हा भरला-काढला की वेळ वाढत जातो. अ‍ॅसिड शिक्षकांनी स्वतःच हाताळावे, अ‍ॅसिड पाण्यात ओतावे, पाणी अ‍ॅसिडात कधीच नव्हे, आणि मुलांना हात लावू देऊ नये. भरताना निघणारा वायू पेट घेणारा असतो, जवळ काडी ओढू नये. खऱ्या बॅटरीपाशी तर नाहीच नाही.

भंडारदऱ्याच्या बाजूला अजून एक रोग आहे, तो यंत्राचा नसून वर्षाच्या रहाटीचा आहे. भात निघाले की ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा राहतो तो थेट पुढल्या मृगापर्यंत. बसल्या जागी बॅटरी आपोआप उतरत जाते, उन्हाळ्यात अधिक. रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की पत्र्यांवर शिशाचा क्षार कडक होऊन बसतो, मग ती भरली तरी धरत नाही. उभ्या ट्रॅक्टरची ऋण बाजूची तार सोडून ठेवावी, आणि महिन्याकाठी बॅटरी भरून घ्यावी. वापरून संपलेली बॅटरी दुकानात परत द्यावी. तिचे अ‍ॅसिड ओढ्यात ओतू नये. शिसे विष आहे, आणि आपला ओढा प्रवरेलाच मिळतो.

माझ्या विद्यार्थ्याने पहिल्या दोन बॅटऱ्या नव्याच्या बदल्यात भंगाराच्या भावाने देऊन टाकल्या होत्या. त्या दोन्ही बहुधा चांगल्या होत्या, नुसत्या उपाशी होत्या. तिसरी अजून त्याच ट्रॅक्टरवर आहे आणि चौथा पावसाळा पाहते आहे. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "सर, दर महिन्याच्या एक तारखेला लावतो चार्जिंगला. बाजार-आमटीची भाजी विसरीन, पण हे नाही." मिस्त्रीबाबा आता थकले आहेत, गॅरेजात कमी येतात. त्यांचा तारेचा तो तुकडा मात्र या पोराने मागून घेतला आहे, आणि गावातला कुणाचा ट्रॅक्टर अडला की तो खिशात घालूनच जातो.